रोजमेळाबाहेरची तूट

दुकान वाढविताना गल्ल्यातील शंभर रुपयांची तूट व्यापाऱ्याच्या तत्काळ ध्यानी येते. परंतु घरातील सोळा वर्षांच्या मुलाची उडालेली झोप, तुटलेली मैत्री आणि वाढता अबोला महिनोन्‌महिने नजरेआड राहतो. शंका आलीच, तर पहिली चिंता वाटते ती समाजातील चर्चेची आणि पुढील सोयरिकीची. मग ‘आपल्या घराण्यात असले काही नसते’ या एकाच वाक्याने बोलणे खुंटते. मुलगा सत्य दडवितो. नैराश्य किंवा व्यसन आतल्या आत बळावते.

२०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीस बंदी आहे; तथापि पेनासारखी दिसणारी ती वस्तू दप्तरात सहज लपते. म्हणूनच झडतीपेक्षा संवाद श्रेयस्कर. समोर बसवून उलटतपासणी घेऊ नये. माल लावताना वा गाडीतून परतताना सहज विचारावे, ‘हल्ली झोप लागत नाही का रे?’ आणि उत्तराची वाट पाहावी. जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलण्यास वाट मिळते.

‘टेलि-मानस’ची १४४१६ या क्रमांकावरील विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. मधुमेहासाठी डॉक्टरांकडे जाण्यात कोणी कमीपणा मानीत नाही. मनाच्या आजारातही तो मानू नये. सोयरिकीची चिंता पुढची. मूल आज हाताशी आहे.