विश्लेषण : पीएचडी की एमबीए? अभियंत्याने हिशेब नेमका कशाचा मांडावा?

नोव्हेंबरच्या अखेरीस ‘कॅट’, फेब्रुवारीत ‘गेट’. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातले अनेक विद्यार्थी दोन्ही परीक्षांचे अर्ज भरून ठेवतात आणि ‘निकाल लागला की ठरवू’ म्हणतात. निकाल लागतो, निर्णय मात्र होत नाही. एका बाजूला पाच वर्षांचे संशोधन, दुसऱ्या बाजूला दोन वर्षांत व्यवस्थापनाची पदवी. घरून एकच प्रश्न येतो : पगार कशात जास्त? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

पैसे कोण देते, कोण घेते?

एमबीएसाठी विद्यार्थी पैसे मोजतो. आयआयएम अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क २५ लाख रुपयांच्या वर आहे. पीएचडीत उलटे. केंद्राने जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार पूर्णवेळ संशोधकाला पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि त्यानंतर ४२ हजार रुपये पाठ्यवृत्ती मिळते. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांची बेरीज होते २४ लाख. म्हणजे एमबीए करणारा दोन वर्षांत जेवढे भरतो, जवळपास तेवढेच संशोधकाला पाच वर्षांत मिळते. पंतप्रधान संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर दरमहा ७० ते ८० हजारांप्रमाणे हीच रक्कम ४५ लाखांपर्यंत जाते, पण ती मोजक्यांनाच मिळते.

मग पीएचडी स्वस्त पडते का?

कागदावर, हो. समजा, एखादी अभियंता महिना ६० हजारांची नोकरी सोडते. एमबीएला गेली तर दोन वर्षांचा बुडालेला पगार १४ लाख ४० हजार आणि वर शुल्क, असा खर्च ४० लाखांच्या आसपास जातो. पीएचडीला गेली तर पाच वर्षांचा पगार ३६ लाख बुडतो, त्यातले २४ लाख पाठ्यवृत्तीतून परत येतात. तोटा १२ लाखांचा.

पण हिशेब इथे संपत नाही. एमबीए झालेली व्यक्ती तिसऱ्या वर्षापासून वाढीव पगार घेऊ लागते, संशोधक तेव्हा प्रयोगशाळेतच असतो. पीएचडीची खरी किंमत आहे ती या तीन वर्षांची. तर एमबीएची किंमत कर्जाच्या हप्त्यात दिसते. २५ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा साधारण ३१ हजार ७०० रुपये लागतात. मोठ्या नावाच्या संस्थेत हा हप्ता झेपतो. कॅम्पस भरतीची खात्री नसलेल्या महागड्या महाविद्यालयात तोच हप्ता गळ्याशी येतो. त्यामुळे ‘एमबीए करावे का’ यापेक्षा ‘कुठून करावे’ हा प्रश्न मोठा ठरतो.

पीएचडीतला धोका कोणता?

पहिला धोका मार्गदर्शकाचा. त्याच्याशी जमले नाही तर विषय चांगला असूनही वर्षे वाया जातात. दुसरा धोका पाठ्यवृत्ती वेळेवर मिळण्याचा. महाराष्ट्रात सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या पाठ्यवृत्तींसाठी संशोधकांना आंदोलने करावी लागली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल केला आणि त्यावर राज्यभर टीका झाली. घराघरांत दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न तेव्हा सभागृहात विचारला गेला.

तिसरा धोका अर्धवट सुटण्याचा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीची मुदत किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे आहे. चौथ्या वर्षी सोडली तर हाती फारसे काही उरत नाही.

कोणत्या दारावर कोणती पदवी लागते?

आयआयटी, एनआयटीत प्राध्यापक व्हायचे तर पीएचडीला पर्याय नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात एमटेकवर सहायक प्राध्यापक होता येते, पण सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएचडी लागते. नवे पदार्थ, चिप डिझाइन, औषधनिर्माण प्रक्रिया, यंत्र-शिक्षण अशा क्षेत्रांतल्या संशोधन केंद्रांतही तिला वजन आहे. सल्लागार कंपन्या, वित्तक्षेत्र, विपणन, उत्पादन व्यवस्थापन इथे मात्र एमबीएची चलती आहे. चाकणच्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळणाऱ्याला पुढे अख्खा प्रकल्प चालवायचा असेल, तर त्याला शोधनिबंधापेक्षा ताळेबंद वाचता येणे जास्त उपयोगी.

एक रस्ता धरला की दुसरा बंद होतो का?

नाही. रघुराम राजन यांनी आयआयटी दिल्लीतून अभियांत्रिकी, आयआयएम अहमदाबादमधून व्यवस्थापन आणि मग एमआयटीतून पीएचडी केली. रघुनाथ माशेलकर यांनी मुंबईच्या यूडीसीटीतून रासायनिक अभियांत्रिकी आणि तिथूनच पीएचडी केली. पुढे त्यांनी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नंतर सीएसआयआरचा कारभार सांभाळला, तोही एमबीए न करता.

मात्र क्रमाला महत्त्व आहे. एमबीएला नोकरीच्या अनुभवाने किंमत येते, त्यामुळे ते दोन-चार वर्षे लांबले तरी बिघडत नाही. एक वर्षाचे अभ्यासक्रमही आहेत. पीएचडी लांबवणे अवघड. घर, हप्ते, मुले आली की ४० हजारांत पाच वर्षे काढणे सोपे राहत नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीची सोय आहे, पण त्यासाठी कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते आणि रात्री-सुट्ट्याही द्याव्या लागतात.

मग ठरवायचे कसे?

पगाराचे आकडे दर काही वर्षांनी बदलतात. २०२१ला भरतीची लाट होती, २०२३ला ती ओसरली. तेवढ्यावर आयुष्याची पाच वर्षे लावू नयेत. त्याऐवजी एक साधी कसोटी लावावी. कोणी पैसे दिले नाहीत, कौतुक केले नाही, प्रयोग दहादा फसला तरी ज्याच्यामागे लागावेसे वाटेल असा एखादा प्रश्न मनात आहे का? असेल तर पीएचडी. प्रश्न नाही, पण माणसे, पैसा आणि काम एकत्र बांधायची हौस आहे, तर एमबीए. दोन्ही नसेल तर आधी दोन वर्षे नोकरी. ‘सध्या नोकरी नाही म्हणून’ घेतलेल्या प्रवेशाची किंमत पीएचडीत वर्षांनी चुकवावी लागते आणि एमबीएत हप्त्यांनी.