घाटातली बारी डीव्हीडीवरून टीव्हीवर आणताना कोणतं सेटिंग ठेवाल?

सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. त्याआधी एलजीनेही ब्लू-रे प्लेअरमधून अंग काढून घेतलं. नव्या लॅपटॉपमधून डिस्कचा ट्रे तर केव्हाच गायब झालाय. सिनेमावेड्यांनी यावर हळहळ व्यक्त केली, पण जुन्नर-आंबेगावात बसून मला ही बातमी वेगळी दिसते. आपल्याकडच्या कपाटांत सिनेमांपेक्षा लग्नं, जत्रा आणि बैलगाड्यांच्या डीव्हीडी जास्त आहेत. सिनेमा उद्या कुठल्या तरी ॲपवर मिळेल. आपल्या गावच्या घाटातली २००८ ची बारी मिळणार नाही.

आणि ती नुसती आठवण म्हणून जपायची नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. म्हणजे आज जे विशीत आहेत, त्यांच्या शाळेच्या वयात घाट जवळजवळ बंदच होते. बंदीआधीची शर्यत त्यांना बघायची तर या डिस्कवरच. त्यातही स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या डिस्कवर रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि दमट हवा लागली की तो खराब होतो.

म्हणून पहिलं काम कॉम्प्रेशनचं नाहीच. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह लॅपटॉपला लावा आणि ‘व्हिडिओ टीएस’ हा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. साधी डिस्क ४.७ जीबीची असते. आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही. व्हीसीडी असेल तर ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल उचला आणि तिथेच थांबा. ते चित्र मुळात ३५२ × २८८ पिक्सेलचं, ते आणखी दाबून काय मिळवणार?

आता टीव्हीसाठी हलकी प्रत. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. इथे बरेच जण ‘फाइल किती एमबीची हवी’ इथून सुरुवात करतात, आणि मला ते साफ उलटं वाटतं. लग्नात स्टेजवर उभे राहून फोटो काढणारे पाहुणे फारसे हलत नाहीत, त्यांना कमी डेटा पुरतो. घाटात मात्र चार बैल, पुढे घोडी, उडणारी धूळ, वरून उधळलेला भंडारा! प्रत्येक कण वेगळ्या दिशेला जातो. कोडेक काम करतो तो ‘मागच्या फ्रेममध्ये काय होतं आणि आता काय बदललं’ एवढंच लिहून. इथे सगळंच बदलतं. ठरावीक एमबीत हे कोंबलं की भंडाऱ्याचे पिवळे चौकोन होतात.

म्हणून साइज न सांगता क्वालिटी सांगा. एच.२६४ निवडा, आरएफ १८ ते २२ च्या मध्ये ठेवा. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मी घाटासाठी १८, लग्नासाठी २० ठेवतो. एच.२६५ मध्ये फाइल लहान होते हे खरं, पण घरातला जुना टीव्ही ती चालवेलच असं नाही.

यापेक्षाही जास्त घोळ होतो तो इंटरलेसिंगमध्ये. आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची, ७२० × ५७६ ची. कॅमेऱ्याने सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपलेली असतात, एकदा विषम ओळी, एकदा सम. पळणाऱ्या बैलाच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात ते यामुळे. नेहमीच्या डीइंटरलेसने दाते जातात, पण ५० च्या जागी २५ च चित्रं उरतात. बारी असते काही सेकंदांची. त्यातला अर्धा वेग तुम्हीच पुसून टाकला. ‘यादिफ’मध्ये ‘बॉब’ निवडा आणि फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’ ठेवा, कारण तयार प्रीसेटमध्ये तो २५ वर अडवलेला असू शकतो. आणि १०८० पी करायच्या भानगडीत पडू नका. नसलेला तपशील येत नाही, फाइल तेवढी फुगते.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. तेव्हा तमाशाच्या डिस्कही निघणारच. तिथे जीव आवाजात असतो. ढोलकीची थाप कमी बिटरेटमध्ये चपटी होते. ऑडिओ एसी३ असेल तर ‘पासथ्रू’ ठेवा, होम थिएटर तो थेट ओळखतं. नसेल तर एएसी, निदान १९२ केबीपीएस.

मात्र बाजारात विकत मिळालेल्या वगनाट्याच्या डिस्कवर कंपनीचा आणि कलावंतांचा हक्क आहे. ती घरी बघणं वेगळं आणि यूट्यूबवर किंवा टेलिग्रामवर टाकणं वेगळं. फडांचं पोट त्यावर आहे.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबतं. आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीवरची फाइल तो घेणार नाही. आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण तुमचा टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते एकदा बघून घ्या.