आंबागडाची विहीर

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून गायमुखाच्या वाटेला लागलं की सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागड दिसतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या पदरी असलेल्या राजा खान पठाणानं 1700 च्या सुमारास तो बांधला. पुढं नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी कैद्यांना प्यायला लावत, असं सांगतात. सागाचा पाचोळा तुडवत वर चढून त्या विहिरीत डोकावलं, की मला हमखास गोनीदा आठवतात. गोनीदा म्हणजे कादंबरीकार गो. नी. दांडेकर, आपल्या विदर्भातलेच, 1916 साली परतवाड्यात जन्मलेले. त्यांच्या कादंबऱ्या आधी पायांनी लिहिल्या गेल्या, असं मी मानतो. राजमाचीवर वारंवार मुक्काम झाला, तेव्हा ‘माचीवरला बुधा’ आला. तुंगच्या परिसरातून ‘पवनाकाठचा धोंडी’. गडावर जाऊन त्यांनी नुसत्या राजांच्या तारखा गोळा केल्या नाहीत. तिथं गुरं राखणारा, एकटा राहणारा माणूस पाहिला, त्याची बोली कानात साठवली. प्रेरणा म्हणतात ती ही: एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणं आणि ऐकत राहणं. आंबागडाच्या पायथ्याशी काय कमी आहे? धानाच्या बांध्या आहेत, चिखल्याच्या मँगनीज खाणी आहेत, कानाला गोड लागणारी इथली झाडीबोली आहे. त्या विहिरीचं पाणी प्यायलेल्या एखाद्या अनाम कैद्याची कादंबरी झाडीबोलीत यायलाच हवी. भंडाऱ्यातल्या लिहित्या पोरापोरींनो, या पावसाळ्यानंतर वही घेऊन गडावर जा, आणि एकदाच जाऊन थांबू नका.