जकातीच्या भिंतीआड कोणाचे रक्षण?

मुक्त व्यापाराची पोथी तिसऱ्या जगाला वर्षानुवर्षे वाचून दाखविणाऱ्या राष्ट्रांनी ती आता स्वतः गुंडाळून ठेवली आहे. अमेरिकेने मे २०२४ मध्ये चिनी विजेच्या मोटारींवरील जादा आयातकर २५ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. युरोपीय संघाने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर, मूळच्या १० टक्क्यांखेरीज, बीवायडी कंपनीच्या गाड्यांवर १७ टक्के, तर शांघायच्या सरकारी मालकीच्या एसएआयसीच्या गाड्यांवर ३५.३ टक्के असा जादा कर पाच वर्षांसाठी बसविला. चिनी सरकार अनुदाने देते, त्यामुळे स्पर्धा न्याय्य राहत नाही व युरोपातील कामगाराची रोजी धोक्यात येते, असे त्याचे समर्थन करण्यात आले. कामगाराच्या रोजीविषयीची ही कळकळ खरी असती तर तिचे स्वागतच करावे लागले असते.

अनुदाने दिली गेली यात शंका नाही. २००९ पासून २०२२ अखेरपर्यंत चिनी ग्राहकाला अशा वाहनांच्या खरेदीसाठी केंद्र सरकारचे साहाय्य मिळत होते. ऑडी कंपनीत अभियंता म्हणून काम केलेले वान गांग २००७ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे मंत्री झाले आणि पेट्रोलच्या इंजिनात पाश्चात्त्यांना गाठण्याऐवजी विजेच्या वाटेने पुढे जाण्याचे धोरण त्यांनी नेटाने रेटले. खनिजांच्या शुद्धीकरणापासून बॅटरीपर्यंतची साखळी देशातच उभी राहिली. बीवायडी ही मुळात १९९५ मध्ये शेन्झेन येथे निघालेली बॅटरी बनविणारी कंपनी; मोटारीच्या धंद्यात ती २००३ मध्ये आली. तिची 'सीगल' ही छोटी गाडी एप्रिल २०२३ मध्ये ७३,८०० युआन, म्हणजे त्या वेळच्या दराने नऊ लाख रुपयांच्या आतील किमतीस विक्रीला आली. विजेची मोटार म्हणजे श्रीमंतांचे खेळणे, हा समज त्या किमतीने मोडीत काढला. दीर्घकाळ चिकाटीने राबविलेल्या सार्वजनिक नियोजनाशिवाय हे घडले नसते, एवढे मान्य करण्यास बाजाराच्या भक्तांनी अनमान करू नये. शिवाय सरकारी पैशाचे वावडे पाश्चात्त्य कंपन्यांना तरी कधी होते? २००९ मध्ये दिवाळ्यात निघालेल्या जनरल मोटर्स व क्रायस्लर यांना अमेरिकन करदात्यानेच तारले.

खरा प्रश्न हातातील पैशाचे पुढे काय केले हा आहे. फोक्सवागेनने २०२४ मध्ये भागधारकांना सुमारे साडेचार अब्ज युरोंचा लाभांश वाटला आणि त्याच वर्षी, खर्च परवडत नाही म्हणून, जर्मनीतील कारखाने बंद करण्याची भाषा सुरू केली. डिसेंबरमध्ये सुमारे एक लाख कामगार लाक्षणिक संपात उतरले, तेव्हा कारखानेबंदीचे तातडीचे संकट टळले. तरीही २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करण्यास कामगार संघटनेला संमती द्यावी लागली. ब्रुसेल्समधील ऑडीचा कारखाना फेब्रुवारी २०२५ अखेर बंद पडला व सुमारे तीन हजार कामगारांचे काम गेले. या कारखान्यात बनत होत्या त्या विजेच्याच, पण महागड्या मोटारी. जकातीची भिंत उभी राहून तेव्हा चार महिने झाले होते.

मालकवर्ग मात्र भिंतीच्या दोन्ही अंगांस सुखाने नांदतो आहे. याच फोक्सवागेनने २०२३ मध्ये शाओपेंग या चिनी कंपनीत सुमारे ७० कोटी डॉलर गुंतविण्याचे ठरविले. स्टेलांटिसने त्याच वर्षी लीपमोटरचा सुमारे पाचवा हिस्सा दीड अब्ज युरोंना घेण्याचे जाहीर केले. बीएमडब्ल्यू तर या कराविरुद्ध जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयात गेली, कारण तिच्या विजेवरच्या 'मिनी' चीनमध्ये तयार होऊन युरोपात येत होत्या!

अमेरिकेचा जुना अनुभव याहून निराळा नाही. रेगन यांच्या कारकिर्दीत, १९८१ मध्ये, जपानला आपली मोटारनिर्यात वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांपुरती 'स्वेच्छेने' मर्यादित करावी लागली. गाड्यांच्या किमती चढल्या, कंपन्यांनी विक्रमी नफे मिळविले. आणि १९८६ च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्सने ११ कारखाने बंद करून २९,००० कामगारांना घरी बसविण्याचे जाहीर केले. संरक्षण देताना मालकावर एकही अट घातली नव्हती, त्याचे हे फळ.

एवढ्यावरून चिनी कंपन्यांच्या विजयाने हुरळून जाणाऱ्या आपल्यातील काही मित्रांनाही दोन शब्द ऐकविणे भाग आहे. तेथे कामगाराला स्वतंत्र संघटना काढता येत नाही. ब्राझीलमधील कामासारी येथे फोर्डने २०२१ मध्ये कारखाना बंद केला व पुढे त्या जागी बीवायडीचा कारखाना उभा राहू लागला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या अधिकाऱ्यांनी तेथील बांधकामावरील १६३ चिनी मजुरांची गुलामीसदृश स्थितीतून सुटका केली. हे मजूर एका ठेकेदाराचे होते, अनेकांची पारपत्रे काढून घेतलेली होती. गाडीच्या स्वस्ताईत नियोजनाचा वाटा आहे तसा या घामाचाही आहे, आणि तो हिशेबातून वगळण्याचा अधिकार समाजवाद्यांना नाही.

तेव्हा मागणी करावयाची ती अशी की, ज्या उद्योगाला जकातीचे वा अनुदानाचे छत्र मिळेल त्याने कारखाना चालू ठेवण्याची, कामगारांना नव्या तंत्राचे शिक्षण देण्याची व नफ्यातून आधी गुंतवणूक आणि मग लाभांश या क्रमाची लेखी हमी दिली पाहिजे. अशी हमी नसली म्हणजे काय होते, हे पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जावयास नको. तळेगावचा कारखाना चिनी ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचा करार जनरल मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये केला. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने शेजारी राष्ट्रांतील गुंतवणुकीस पूर्वपरवानगी आवश्यक केली, ती परवानगी आलीच नाही, आणि २०२२ च्या मध्यास करार संपुष्टात आला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले होते. हजाराहून अधिक कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत व उपोषणे करीत राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने या कारखान्याचा करार केला. त्या करारात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रसामग्रीही होती, कामगार नव्हते.