बाहुल्याच्या हाती तिरंगा

गणेशोत्सवाला काही महिने अवकाश असतो, तेव्हापासूनच नंदुरबार शहरातील मूर्तिशाळांत कामाची लगबग सुरू होते. येथील गणेशमूर्ती खानदेशाबाहेर गुजरात आणि मध्य प्रदेशातही जातात. साच्यातून निघालेल्या मूर्ती सर्व सारख्याच असतात. परंतु एकीला फेटा चढतो, दुसरीच्या शेल्याचा रंग बदलतो, आणि अखेरीस कसबी कारागीर डोळ्यांची आखणी करतो तेव्हा प्रत्येक मूर्तीला स्वतःची मुद्रा लाभते. साचा एक आणि रूपे अनेक, हे तत्त्व ज्या गावाने इतक्या जवळून पाहिले आहे, त्या गावातील मुलांना एक आधुनिक छंद परका वाटण्याचे कारण नाही. बाजारात मिळणाऱ्या सुपरहिरोंच्या बाहुल्यांचे स्वतःच्या हातांनी रूप पालटणे, हा तो छंद.

या बाहुल्यांना ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणतात. या नावामागे व्यापारी चातुर्य आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या शंकेने कंपनीने ‘बाहुली’ हा शब्द कटाक्षाने टाळला आणि हे नवे नाव रूढ केले. पुढे १९७२ पासून मेगो या कंपनीने सुपरहिरोंच्या आठ इंची बाहुल्या काढल्या. त्यांतील अनेकांचे धड एकच असे. डोके आणि पोशाख तेवढा निराळा. जे कारखान्याला शक्य होते ते आपल्यालाही शक्य आहे, हे चाणाक्ष मुलांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही.

भारतात ही संधी फनस्कूलमुळे आली. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहकार्याने १९८७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने गोव्यातील कारखान्यातून ‘जी. आय. जो’चे सैनिक देशभर पोहोचवले. जेमतेम पावणेचार इंचांचा हा सैनिक. त्याच्या पाठीत एक लहानसा स्क्रू आणि कमरेत धड व पाय जोडून ठेवणारे रबरी कडे असे. स्क्रू काढला की हात, पाय, धड, डोके सुटे होत. एकाचे धड दुसऱ्याच्या पायांवर बसवता येई. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांनी नव्वदच्या दशकात हा उद्योग केला आणि त्यासाठी घरच्यांची बोलणीही खाल्ली.

आता या खटपटीची एक रीतसर पद्धत बनली आहे. बाहुलीचे डोके घट्ट असल्यास ते मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली गरम पाण्यात थोडा वेळ धरतात. प्लास्टिक मऊ पडते आणि डोके न तुटता निघते. नवा भाग घडवायचा असेल तर एम-सीलसारखे दोन भागांचे मिश्रण समप्रमाणात मळून त्याला आकार देतात व कडक होऊ देतात. खडबडीत जागा पॉलिश पेपरने घासतात, प्रायमर देतात आणि मग अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ हात चढवतात. जाड थर लवकर सुटतो, त्यातही सांध्यापाशी रंग आधी झडतो. म्हणून सांधे किंचित तासून घ्यावे लागतात. घासताना तोंडाला मास्क, मिश्रण मळताना हातमोजे आणि काम करताना उघडी खिडकी, ही पथ्ये प्रत्येक घराने पाळावीत.

खर्चाचाही विचार करावयास हवा. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. परदेशातून येणारी बाहुली त्यामुळे सामान्य कुटुंबाला महागच पडते. मात्र या छंदाला नवी बाहुली लागतेच असे नाही. हात मोडलेला, रंग उडालेला, माळ्यावर पडलेला जुना वीर येथे अधिक उपयोगी. हिशेबाच्या भाषेत खेळणे म्हणजे घरात पाऊल टाकताच घसारा लागणारी वस्तू. या एका छंदात मात्र पूर्ण घसारा लागलेली वस्तू श्रमाने पुन्हा मूल्यवान होते. विकत घेण्याची सवय लागलेल्या मुलाला दुरुस्त करण्याची सवय लागणे, हा लाभ वहीत दिसत नसला तरी लहान नाही.

तरीही अनेक पालकांच्या मनात एक शंका उरते. परदेशी चित्रपटांतील पिळदार स्नायूंचे, मुठी आवळलेले, शस्त्र पेललेले हे वीर मुलांना काय शिकवणार? शंका रास्त आहे. तिचे उत्तर बाहुली जप्त करण्यात नसून, तिचे रूप पालटण्याच्या या कलेतच दडलेले आहे. त्यासाठी नंदुरबारच्या मुलाला फार दूर जावे लागत नाही.

‘छोडो भारत’ची हाक दिली गेल्यानंतर महिनाभराने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम हे हुतात्मा झाले. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. सोळावे वर्ष पूर्ण होण्यास साडेतीन महिन्यांहून थोडा अधिक अवधी बाकी होता. बंदूक मुलींच्या दिशेने रोखली गेली तेव्हा तो पुढे सरसावला, असे गावात आजही सांगितले जाते. त्याच्या हाती ध्वज होता. माणिक चौकातील स्मारक त्या दिवसाची साक्ष देते.

या वीराची बाहुली कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती घडवावीच लागेल. आणि ती घडवण्यास बसलेल्या मुलासमोर पहिली अडचण उभी राहते ती शरीराची. सुपरहिरोचे धड पंधरा वर्षांच्या मुलाला शोभत नाही. छातीचे, दंडांचे स्नायू पॉलिश पेपरने घासून उतरवावे लागतात. खांद्यांची रुंदी कमी करावी लागते. पाठीवरचा झगा काढून टाकावा लागतो. सहा इंची बाहुल्यांत साधारणपणे एका फुटाला एक इंच हे प्रमाण असते, म्हणजे पाच फुटांचा मुलगा पाच इंचांचा होतो. इतके सारे वजा केल्यावर हाती उरतो तो एक साधा शाळकरी मुलगा. धैर्य स्नायूंत नसते, हे सांगण्यासाठी मग वेगळ्या प्रवचनाची गरज राहत नाही. घासता घासता ते मुलाच्या बोटांनाच कळलेले असते.

दुसरी अडचण ध्वजाची. आजचा तिरंगा त्या हाती दिला तर चूक होईल. अशोकचक्र असलेला ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. १९४२ मध्ये मिरवणुकांत फडकत होता तो मधल्या पट्ट्यावर चरखा असलेला तिरंगा. नखाएवढ्या कापडावर चरखा रंगवायचा तर एका केसाचा कुंचला आणि भरपूर सबुरी हवी. तिसरी अडचण पोशाखाची. त्या काळातील शाळकरी मुले काय घालत, हे जाणण्यासाठी घरातील जुने अल्बम काढावे लागतात, आजी-आजोबांना विचारावे लागते. ज्या घरात नातू आणि आजोबा यांच्यात भ्रमणध्वनीचा पडदा उभा राहिला आहे, तेथे चार इंचांचा सदरा शिवण्याच्या निमित्ताने दोघे एका मेजाशी बसतात. शिवणाऱ्या आजीलाही मग आपले स्थान मिळते.

तयार झालेले हे रूप खेळण्यांच्या टोपलीत टाकू नये. अभ्यासाच्या मेजावर वा पुस्तकांच्या फळीवर त्याला जागा द्यावी. ९ सप्टेंबरला शाळेत नेऊन वर्गमित्रांना दाखवावे. त्यांच्यापैकी कोणी लालदास घडवील, कोणी शशिधर, आणि पाचही सोबती पुन्हा एका रांगेत उभे राहतील.

शेवटी उरते ती मूठ. सैनिक-बाहुल्यांची बोटे बंदूक नीट धरता यावी अशा बेताने वळवलेली असतात. तीत काहीही बदल करावा लागत नाही. बंदूक काढून उदबत्तीची काडी त्या मुठीत सरकवली की ती घट्ट बसते, आणि काडीच्या टोकाला चरख्याचा तिरंगा लावता येतो.