हे का हसण्याचे दिवस?

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारखी वाढविलेली झाडे आपल्याच हातांनी तोडली. अशा दिवसांत टँकरची वाट पाहणाऱ्या आयाबाया खळखळून हसल्या, की ‘हे का हसण्याचे दिवस?’ असे विचारणारे सज्जन आपल्यात निघतातच.

सुतकी चेहरा म्हणजे भक्ती, हे त्यांना कोणी शिकविले? अब्राहाम-सारेच्या पुत्राचे, इसहाकाचे, नावच ‘तो हसतो’ या अर्थाचे. संत पौलाने फिलिप्पैकरांना आनंद करावयास सांगितले, ते बंदिवासातून. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली आपल्या प्रेषितीय आवाहनास ‘शुभवर्तमानाचा आनंद’ हेच नाव दिले. हसणाऱ्या त्या बाया दुःख विसरलेल्या नसतात. प्रभूची कबर रिकामी झाली, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक असते.

परंतु आपल्या बोअरला पाणी असताना शेजारच्या रिकाम्या हंड्यापुढे जो आनंदाचे प्रवचन झोडतो, तोही तितकाच दोषी. त्यात आम्ही धर्मगुरूही आलो. बंधुभगिनींनो, आधी तो हंडा भरू या. मग शेजारणीच्या हसण्यात आपले हसू मिसळावयास कोणाची परवानगी लागणार नाही.