पदर उलटून पाहा

आज 7 ऑगस्ट, राष्ट्रीय हातमाग दिन. आज गावोगावी प्रदर्शनं भरतील, कार्यालयांत कपाटातल्या ठेवणीतल्या साड्यांच्या घड्या मोडल्या जातील, फोटो निघतील. मला या दिवसाचं मनापासून अप्रूप आहे. वर्षातला एक दिवस तरी विणकराच्या नावाने उजाडतो. पण गौरी-गणपतीची खरेदी तोंडावर आलेली असताना हा दिवस नुसता नेसण्या-मिरवण्यावर संपू नये, असंही वाटतं. आपण अंगावर काय घालतो आहोत हे ओळखता येणं, वस्त्र वाचता येणं, ही एक विद्या आहे. ती आपल्या घरांत होती आणि आपल्या डोळ्यांदेखत ती हातची चालली आहे. आज मला तिच्याविषयी लिहायचं आहे.

ही तारीख निवडली गेली ती 1905 मुळे. बंगालच्या फाळणीविरुद्ध त्या वर्षी 7 ऑगस्टला कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि परदेशी मालावरच्या बहिष्काराची, स्वदेशीची हाक दिली गेली. त्या स्मृतीतून 2015 पासून हा दिवस साजरा होऊ लागला. महाराष्ट्राला हा विचार तेव्हाही नवा नव्हता. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी 1877 च्या दिल्ली दरबाराला हातसुताच्या खादीच्या वेशात गेले होते. जरीच्या झगमगाटात एक माणूस जाडंभरडं कापड लेवून उभा राहतो, तेव्हा ते कापडच त्याचं निवेदन होतं. त्या पिढ्यांनी आपल्याला एक सवय लावली होती, कापडाला प्रश्न विचारायची. हे कुठून आलं? सूत कुणी कातलं? विणलं कुणी? आणि माझे पैसे कुणाच्या घरात गेले? स्वदेशीचा सगळा मंत्र या चार प्रश्नांत मावतो.

हे प्रश्न आमच्या आजीला कुणी शिकवले होते ठाऊक नाही, पण ती ते बोटांनी विचारायची. दुकानात गादीवर बसली की दुकानदार साड्यांचा ढीग टाकायचा. ती रंगाकडे आधी बघायचीच नाही. कापडाची कड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायची, पोत बघायची. मग साडी उजेडाकडे नेऊन विणीची दाटी बघायची. आणि शेवटी पदर उलटा करायची. उलट्या बाजूकडे ती जितका वेळ बघायची तितका वेळ सुलट्या बाजूकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही. इरकल असेल तर पदर अंगाला कुठे जोडला आहे, तो सांधा ती शोधून काढायची. इरकलीच्या पदराचा ताणा वेगळा लावून तो अंगाच्या ताण्याला एकेक फास घालून जोडतात. त्या सांध्याची ओळ दिसली की तिचा चेहरा खुलायचा. शाळेची पायरी न चढलेली बाई कापड मात्र ओळीने वाचत होती.

तिच्या त्या उलट्या पदराचा अर्थ मला कळला तो फार उशिरा, येवल्यात. नाशिक जिल्ह्यातलं हे गाव. गोदाकाठचं पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, हे पैठणीचं माहेर आणि तिचं आजचं नांदतं घर येवला. तिथल्या एका घरी गेले होते. बाहेरच्या खोलीतच माग. विणकर मागापुढच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, समोर ताण्याचे रेशमी धागे ताणलेले आणि त्यांवर ओळीने पडलेल्या चिमुकल्या तिल्ल्या. प्रत्येक तिल्लीवर वेगळ्या रंगाचं रेशीम. पदरावर मोर चालला होता. मोराच्या मानेचा निळा धागा नेमके मोजून तेवढेच उभे धागे ओलांडायचा, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकायचा आणि मागे फिरायचा. मग पिसाऱ्याचा हिरवा, मग चोचीचा लाल. एका आडव्या ओळीत कितीतरी तिल्ल्या अशा हातानं फिरल्या, की फणी एकदा ठोकायची. ती ओळ जेमतेम केसाएवढी. दिवसभर बसून पदर दोन-चार बोटं पुढे सरकला तर समाधान. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात. भरगच्च पदराच्या पैठणीला महिनेच्या महिने जातात, कधी वर्षही.

मी मोराकडे बघत होते. विणकर म्हणाले, "ताई, आधी उलटीकडून बघा." त्यांनी तयार असलेल्या एका पैठणीचा पदर उलटून माझ्या हातात ठेवला. मागेही तोच मोर, तेवढाच रेखीव. लोंबणारी सुतं नाहीत, कापलेल्या धाग्यांची जाळी नाही. नक्षीसाठी वरून जादा धागा घातलेलाच नव्हता. मोर हाच त्या कापडाचा बाणा होता. नक्षी कापडावर काढली जात नाही, नक्षीचंच कापड होतं. म्हणून दोन्ही अंगांना सारखं. त्या क्षणी आजीची बोटं आठवली आणि डोळे भरून आले.

तोवर माझी फसगत होऊन गेली होती. घरातल्या एका लग्नासाठी मी एका मोठ्या दुकानातून, "शंभर टक्के हातमागाची" असं ऐकून, एक पैठणी घेतली होती. पदराचे पैसे मोजले ते हाताच्या कामाचे. येवल्याहून परतल्यावर ती कपाटातून काढली आणि उलटली. आतून कापलेल्या धाग्यांचा गच्च थर होता. साडी सुंदरच होती, आजही आहे. पण माझे पैसे ज्या हातांसाठी होते त्यांच्यापर्यंत ते गेलेच नाहीत, ही रुखरुख जात नाही. आणि मी पदर उलटला असता तर हे तिथल्या तिथे कळलं असतं.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. यंत्रमाग हा हातमागाचा वैरी आहे असं मी मानत नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला तो 1904 मध्ये, स्वदेशीच्या त्या सभेच्या आदल्याच वर्षी. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांनी लाखो घरं चालवली आणि कष्टकऱ्याच्या अंगावर परवडणारं कापड घातलं. ते कापड आपल्या नावाने विकलं जावं, ताठ मानेने विकलं जावं. खोट आहे ती यंत्राच्या कापडाला हाताचं नाव आणि हाताचा भाव लावण्यात. काही प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985 मध्ये झाला. 2006 मध्ये हातमागाची खूण आली, पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही सगळी कवचं मोलाची आहेत. पण दुकानाच्या गादीवर, खरेदीच्या त्या दहा मिनिटांत, कायदा शेजारी बसलेला नसतो. तिथे बसलेलं असतं फक्त गिऱ्हाइकाचं डोळस किंवा आंधळं मन.

म्हणून मला वाटतं, विणकराला आपली कीव नको आहे. "बिचारी कला मरते आहे, एक साडी घेऊ या" या भावनेने घेतलेली साडी एकदाच घेतली जाते. त्याला हवं आहे जाणतं गिऱ्हाईक. गाणं टिकतं ते जाणत्या श्रोत्यांमुळे, तसं विणकाम टिकतं ते जाणत्या नेसणारीमुळे. मोराची मान बारीक वळली आहे हे कुणाला दिसणारच नसेल, तर ती बारीक वळवायची कुणी आणि कशासाठी?

आपल्याकडे नटण्याची हौस कमी झाली आहे असं कुणी म्हणू नये. गुढीपाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत निघणाऱ्या शोभायात्रा पाहा. नऊवारी, नथ, चंद्रकोर आणि बुलेटवर बसलेल्या मुली! त्यांना बघून माझा ऊर भरून येतो. आजीची नऊवारी नातीने अशी आपल्या अटींवर पुन्हा रस्त्यावर आणली, याहून चांगलं काय असेल? नवरात्रात लोकलचा डबाच्या डबा एका रंगात न्हालेला असतो. तिथे मजूर बाई आणि मोठ्या हुद्द्यावरची बाई त्या दिवशी एका रंगाच्या होतात. खणाचंही असंच. बागलकोटजवळच्या गुळेदगुड्डचा खण, एके काळी फक्त चोळीचा. तो आता साडी झाला, कुर्ता झाला, पिशवी झाला, दारावरचं तोरण झाला. नवी पिढी जुन्या वस्त्राशी खेळते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण याच लाटेत खणाची नक्षी पॉलिएस्टरवर छापून येते आणि पैठणीचा मोर छपाईच्या यंत्रातून मीटरने बाहेर पडतो. नक्षी पुढे निघून गेली, विणणारा मागे राहिला. आपली हौस दुथडी वाहते आहे, पण तिचं पाणी मागापर्यंत पोचत नाही. मधला पाट आहे तो ओळखीचा, आणि तो बुजला आहे.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरी चपलेच्या घाटाची पादत्राणं दाखवली, मूळ कुणाचं याचा उल्लेख न करता, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवं होतं. कोल्हापुरीचं मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या कारागिरांचं आहे. बाभळीच्या सालीने कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीची शिलाई, पिढ्यान्‌पिढ्यांचे हात, असं सगळं त्यात आहे. आवाज उठला, म्हणून कंपनीला भारतीय मूळ मान्य करावं लागलं आणि त्यांची माणसं कोल्हापूरपर्यंत आली. सामूहिक ओळखीची ताकद किती असते हे तेव्हा दिसलं. आता तोच प्रश्न आपण आपल्या चपलांच्या कपाटापुढे उभं राहून विचारायला हवा. बाजारात "कोल्हापुरी" म्हणून रबरी तळाची, यंत्रावर कापलेली जोडी आपण घेतो, तेव्हा कारागिराचं नाव कोण पुसत असतं?

डोळस मन काय करू शकतं याचं उदाहरण गोव्यात आहे. कुणबी बायांची लाल चौकड्यांची आखूड, जाड साडी. शेतात, चिखलात राबताना अडचण होऊ नये म्हणून गुडघ्याच्या खाली नेसायची, खांद्यावर गाठ मारायची. ती जवळजवळ विस्मरणात गेली होती. वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिचा माग काढला, ती पुन्हा विणून घेतली आणि साधारण 2010 च्या सुमारास ती रॅम्पवर आणली. देशातल्या मोठ्या डिझायनरांपैकी एक माणूस, पण त्याने कुणब्यांची नक्षी उचलून आपली म्हणून मिरवली नाही. वस्त्राचं नाव, गाव आणि माणसं सोबत घेऊनच तो पुढे गेला. 2020 च्या फेब्रुवारीत ते गेले. फॅशन या शब्दाला आपल्याकडे उगाचच उथळ मानतात. ती अशी जाणत्या हातात पडली तर इतिहासाचं रक्षण करते.

विदर्भाची करवती साडी अशाच जाणत्या डोळ्यांची वाट बघते आहे. भंडारा-गडचिरोलीच्या ऐनाच्या झाडांवर वाढणाऱ्या कोशांचं टसर, आणि काठाला करवतीसारखे दाते. काठाचा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी चालवून एकमेकांत अडकवला की हे दाते उमटतात. किती मराठी घरांत तिचं नाव तरी ठाऊक आहे? मुंबई-पुण्याच्या लग्नात कांजीवरम ओळखणाऱ्या आपण करवती ओळखत नाही.

2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत. म्हणजे आपण बाया नेसतो ते बव्हंशी बायांनीच सिद्ध केलेलं असतं. कांड्या भरणारी, ताणा लावणारी, विणणारी अशी ती प्रत्येक वस्त्रात असते. या नात्याचा मान राखायला फार काही लागत नाही. खरेदीला जाताना लेकीला, सुनेला, भाचीला सोबत न्या आणि तिच्या हातात कापडाची कड द्या. दुकानदाराला विचारा, हे कुठल्या गावचं? हाताचं की यंत्राचं? उत्तर पावतीवर लिहून मागा. यंत्राचं असेल तर यंत्राच्या भावाने आनंदाने घ्या. हाताचं असेल तर घासाघीस करताना मागापुढच्या खड्ड्यातले ते पाय आठवा.

आपल्या भाषेत पदराइतकं मोठं काही नाही. आपण पदर पसरतो, चूक पदरात घेतो, चांगल्या कामासाठी पदरमोड करतो. पण ज्या पदराने भाषेला एवढं दिलं त्याची मागची बाजू आपण बघायची सोडली. येवल्याच्या त्या विणकरांना मी विचारलं होतं, उलटी बाजू इतकी नीट ठेवायची काय गरज, ती कुणाला दिसते? त्यांनी तिल्ली हातातून खाली न ठेवता सांगितलं, "बघणारं कुणी आलंच, तर?"

गौरींच्या खरेदीला जाल तेव्हा ते बघणारं माणूस तुम्ही व्हा.